पाणी कुठे मुरतंय, ते आधी बघा

वाचकाचं पत्र:

"आम्हाला साधारण चाळीस वर्षांचं, दुमजली, विटांच्या भिंतींचं एक घर मनापासून आवडलं आहे. विकत घेण्याआधी इंजिनिअरकडून रीतसर तपासणी करून घेतली. अहवाल हातात आला आणि झोपच उडाली. एकूण बत्तीस मुद्दे, त्यातले सात लाल. मागच्या खोलीच्या खिडकीपाशी तिरकी, सुमारे तीन मिलिमीटरची भेग. त्याच खोलीत भिंतीला ओल आणि फरशीला 'किंचित उतार'. पावसाच्या पाण्याचा पाइप फुटलेला. गच्चीवर पाणी साचल्याच्या खुणा. वायरिंग जुनं. दाराच्या चौकटीला वाळवीच्या खुणा. शिवाय फॉल्स सीलिंगच्या वरचा भाग, भिंतीतल्या कपाटांच्या मागची बाजू आणि जमिनीखालची ड्रेनेज लाइन 'तपासता आली नाही' असं लिहिलंय. नवरा म्हणतो, सोडून देऊ. घरमालक म्हणतात, जुन्या घरात एवढं चालायचंच, रंग मारून देतो. भाऊ म्हणतो, बँकेनं मूल्यांकन करून कर्ज मंजूर केलंय, म्हणजे घर चांगलंच असणार. मला घर सोडवत नाही आणि घ्यायची हिंमतही होत नाही. हा अहवाल वाचायचा तरी कसा?"

उत्तर:

भावाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो लगेच निकालात निघतो. उद्या तुमचे हप्ते थकले तर हे घर विकून आपले पैसे वसूल होतील का, एवढंच बँकेला पाहायचं असतं. मूल्यांकन करणारा माणूस बँकेसाठी काम करतो. तो घराचं क्षेत्रफळ, ठिकाण आणि आजूबाजूचे व्यवहार बघतो, घरावर एक नजर टाकतो आणि आकडा देतो. भिंतीत ओल का आली, हे शोधणं त्याचं काम नाही. त्यामुळे कर्ज मंजूर झालं म्हणून घर धडधाकट आहे असं समजू नका. या व्यवहारात केवळ तुमच्यासाठी लिहिलेला कागद एकच आहे, आणि तो म्हणजे हा अहवाल.

आता ते बत्तीस मुद्दे. या आकड्याला घाबरू नका. जे दिसेल ते सगळं लिहिणं हे तपासणाऱ्याचं कामच असतं. कालपरवा बांधून झालेल्या घरातही तो दहा-पंधरा गोष्टी सहज काढेल. लाल रंगाचंही तसंच. अशा अहवालांत लाल शेरा दोन वेगवेगळ्या कारणांनी येतो: एक तर दोष गंभीर आहे, किंवा त्याचा शोध तातडीनं घ्यायला हवा. जुन्या वायरिंगला लाल शेरा मिळाला तो शॉक आणि आगीच्या धोक्यामुळे, आणि तो बरोबरच आहे. पण वायरिंग बदलता येतं, खर्च आधी कळतो, इलेक्ट्रिशियन ठरावीक दिवसांत काम संपवतो. उलट 'किंचित उतार' हे निरुपद्रवी वाटणारे दोन शब्द बहुधा पिवळ्या रंगात असतील. मला या सगळ्या यादीत त्यांचीच जास्त काळजी वाटते.

कारण सांगते. असे अहवाल घराच्या भागांप्रमाणे मांडलेले असतात. भिंतींचं प्रकरण वेगळं, फरशीचं वेगळं, छताचं वेगळं, सांडपाण्याचं वेगळं. त्यामुळे एकाच आजाराची लक्षणं चार वेगवेगळ्या पानांवर विखुरली जातात आणि वाचणाऱ्याला चार किरकोळ दोष दिसतात. म्हणून पहिलं काम हे करा: एका मोठ्या कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा, खालचा मजला आणि वरचा मजला वेगळे, आणि बत्तीसच्या बत्तीस मुद्दे जिथले तिथे पेन्सिलीनं मांडा. भेग कुठे, ओल कुठे, उतार कुठल्या कोपऱ्याकडे, फुटका पाइप बाहेरून कुठल्या भिंतीवर, ड्रेनेजचं चेंबर कुठे. पाइप नेमका कुठे फुटलाय हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण भेग, ओल आणि उतार हे तिन्ही मागच्याच खोलीत असतील, तर तो पाइपही त्याच कोपऱ्यावर निघण्याची शक्यता मला बरीच वाटते.

तसं निघालं तर कथा अशी असू शकते. गच्चीचं पाणी फुटक्या पाइपातून वर्षानुवर्षं पायाच्या एकाच कोपऱ्यात पडत राहिलं. जमिनीखालची लाइनही तिथंच कुठेतरी सांध्यात उघडली असेल, तर तिच्यातून गळणारं पाणी मातीचे बारीक कण वाहून नेतं. माती मऊ आणि पोकळ होते, पायाचा तो कोपरा थोडा दबतो आणि वरची भिंत त्याच्याबरोबर खाली ओढली जाते. भिंतीत सगळ्यात दुबळी जागा खिडकीची, म्हणून भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघते आणि विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी जाते. आतली फरशी त्याच बाजूला कलते आणि भिंत ओली राहते. म्हणजे चार दोषांचं मूळ एकच. ते मूळ दुरुस्त होण्यासारखं आहे, पण त्याच्याकडे न बघता भेग बुजवली, ओलीवर केमिकल लावलं आणि फरशी नवी टाकली, तर तिन्ही खर्च वाया जातील.

ही अजून शंका आहे. ती खरी की खोटी, हे ठरवायला घर पुन्हा एकदा बघायला जा, आणि जाताना पाणसळ, टॉर्च आणि मोजपट्टी सोबत न्या.

भेगेपासून सुरू करा. नुसत्या रुंदीवरून बोलायचं तर, ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचं वर्गीकरण विटांच्या भिंतींसाठी बरंच वापरलं जातं. त्यात एक मिलिमीटरपर्यंतची भेग अगदी किरकोळ, पाचपर्यंतची सौम्य, पाच ते पंधरा मध्यम आणि पंधराच्या पुढची गंभीर धरतात. तुमची तीन मिलिमीटरची भेग सौम्य गटात पडते. पण केवळ रुंदीवर निकाल देऊ नये, हे त्याच वर्गीकरणात स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणून बाकीच्या खुणा बघा. भेग फक्त आतल्या गिलाव्यात आहे की त्याच जागी बाहेरूनही दिसते? वर रुंद आणि खाली निमुळती होत गेली आहे का? घराचं टोक खचत असेल तर बहुधा असंच दिसतं. भेगेच्या आत जुना रंग, धूळ, कोळिष्टकं असतील आणि कडा बोथट झाल्या असतील, तर ती जुनी आहे आणि कदाचित थांबलेली आहे. कडा स्वच्छ, धारदार आणि आतली वीट ताज्या रंगाची दिसली, तर हालचाल अलीकडची आहे. एक दुसरी शक्यताही तपासा. खिडकीवरचं लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचं वजन पेलणारी आडवी पट्टी, कमजोर असलं किंवा त्यातली सळई गंजली असली तरी तिथे भेगा येतात. पण त्या खिडकीच्या वरच, साधारण त्रिकोणी भागात घुटमळतात आणि फरशीला त्यांचा काही त्रास नसतो. लिंटेलचं काम पायाच्या मानानं खूपच सोपं.

मग गुडघ्यावर बसून फरशीची कड बघा. उतार मोजायला पाणसळ आहेच, पण त्याहून बोलकी जागा म्हणजे भिंतीलगतची स्कर्टिंगची पट्टी. स्कर्टिंग आणि फरशी यांच्यात एका बाजूला फट पडत गेली असेल, तर फरशी बसवून झाल्यावर खाली गेली आहे. स्कर्टिंगही फरशीबरोबर सारख्याच उतारानं गेली असेल आणि फट नसेल, तर तो उतार बांधतानाच राहिलेला असू शकतो. गवंड्याचा हलगर्जीपणा, त्यापलीकडे काही नाही. फट दिसली तर तिचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. त्या खोलीची दारं-खिडक्या उघडझाप करून बघा. दाराच्या वरच्या कडेला एका बाजूनं रंधा मारलेला दिसला, तर चौकट कधीतरी तिरकी झाली होती.

ओलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकीच्या उपायांवर जातात. ओल चार वाटांनी येते. जमिनीतून वर चढणारी ओल जोत्यापासून सुरू होते आणि सहसा मीटरभर उंचीपर्यंत जाऊन थांबते. तिच्या वरच्या कडेला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरट थर, लागतो आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. बाहेरून मुरणारं पाणी ठिगळासारखं दिसतं, पाऊस पडला की गडद होतं आणि उघडीप मिळाली की फिकट. गळक्या नळाची किंवा ड्रेनेजची ओल पावसाशी काही देणंघेणं न ठेवता बाराही महिने तशीच राहते. चौथी ओल घरातल्याच वाफेची: थंड भिंतीवर, कोपऱ्यांत, कपाटांच्या मागे काळी बुरशी धरते, आणि तिच्यावर मुख्य उपाय म्हणजे वायुवीजन. यातली कुठली, हे अहवालात लिहिलंय का बघा. नुसतं 'ओलावा जास्त आढळला' असं लिहून मीटरचा आकडा दिला असेल, तर त्या आकड्यावर फार विसंबू नका. ते दोन पिनांचं मीटर मुळात लाकडासाठी जुळवलेलं असतं. भिंतीवर ते 'इथे जास्त, तिथे कमी' एवढंच सांगतं, आणि भिंतीत क्षार असतील तर कोरड्या जागीही जास्त आकडा दाखवतं. ओलीचा आकार, उंची आणि पावसाशी नातं यांवरून जास्त कळतं. मालकांना किंवा शेजाऱ्यांना विचारा, ही भिंत कोरड्या दिवसांतही ओली असते का.

वाळवीचं थोडक्यात: खुणा जुन्या वाटल्या, तरी चौकटीवर टकटक करून बघा. पोकळ आवाज आला किंवा मातीची बारीक नळी मोडल्यावर आत जिवंत वाळवी दिसली, तर उपचार करावे लागतील. पण वाळवीला ओल आवडते, म्हणजे हा मुद्दाही फिरून त्याच कोपऱ्याशी येतो का, तेही नकाशावर बघून घ्या.

आता अहवालातला जो भाग लोक वाचतच नाहीत, तो म्हणजे 'तपासता आलं नाही'. तपासणारा माणूस मालकाच्या घरात पाहुणा असतो. तो फरशी उखडत नाही, जड कपाटं सरकवत नाही, भिंत फोडत नाही. जे डोळ्यांना दिसलं आणि हाताला लागलं तेवढ्याचीच तो जबाबदारी घेतो. 'तपासता आलं नाही' याचा अर्थ 'तिथे काही दोष नाही' असा कधीच होत नाही. तुमच्या यादीतल्या तीन जागा तर मोक्याच्या आहेत. कपाटं मागच्या खोलीतली असतील, तर ओल आणि भेग दोन्ही त्यांच्यामागे लपू शकतात. ड्रेनेज लाइनवर माझा मुख्य संशय आहेच. आणि फॉल्स सीलिंग वरच्या मजल्यावर असेल, तर त्याच्या वर तोच स्लॅब आहे ज्याच्या गच्चीवर पाणी साचतं.

त्या स्लॅबविषयी मी गप्प बसू शकत नाही. गच्चीचा ढाळ चुकला की पाणी साचतं, वॉटरप्रूफिंग संपलं की ते काँक्रीटमध्ये उतरतं आणि सळयांपर्यंत पोहोचतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो, म्हणून आधी सळईच्या रेषेत सरळ भेगा येतात, मग तांबूस डाग आणि शेवटी खालचा थर खपलीसारखा पडतो. विटांच्या भिंतीतल्या तीन मिलिमीटरच्या भेगेपेक्षा स्लॅबमधली अशी एक मिलिमीटरची भेग मला जास्त अस्वस्थ करते. फॉल्स सीलिंगचं एखादं पॅनेल काढून टॉर्चनं वर बघायला फार वेळ लागत नाही. मालकांची परवानगी घ्या आणि ते तपासणाऱ्या इंजिनिअरच्या हजेरीतच करा. डाग किंवा खपल्या दिसल्या तर पुढच्या चाचण्या लागतील. त्यात कुणी फक्त रिबाउंड हॅमर मारून 'काँक्रीट मजबूत आहे' असं सांगितलं तर समाधान मानू नका. ते उपकरण वरच्या थराचा कडकपणा मोजतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा वरचा थर उलट जास्त कडक झालेला असतो. तोच बदल आतल्या सळईचं गंजापासूनचं संरक्षण मात्र काढून घेत असतो. सळई गंजते आहे का, हे तपासायच्या चाचण्या वेगळ्या असतात. त्या कुठल्या, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तज्ज्ञाला, नावानिशी विचारा.

'पुढील तपासणी करावी' हे वाक्य वाचून लोक मनाशी म्हणतात, घर ताब्यात आलं की करू. असं करू नका. ती तपासणी व्यवहार पक्का व्हायच्या आधीच करायची असते, कारण तिच्या निकालावर तुमचा निर्णय आणि किंमत दोन्ही अवलंबून आहेत. सगळ्या तपासण्या एकदम करायची मात्र गरज नाही. पहिली ड्रेनेजची करा. साध्या पद्धतीत प्लंबर खालच्या चेंबरकडचं तोंड बुचानं बंद करतो, लाइनमध्ये पाणी भरतो आणि वरच्या चेंबरमध्ये पातळीची खूण करून थांबतो. घरात कुणी पाणी वापरत नसताना पातळी उतरत गेली, तर लाइन कुठेतरी गळते आहे. कॅमेरा घालून बघणारे मिळाले तर गळती नेमकी कुठे तेही कळेल. लाइन ठणठणीत निघाली, तर माझा तर्क निम्मा कोसळतो, आणि मग पायाजवळची माती, जवळचं मोठं झाड यांकडे वळावं लागेल. चिकणमाती कोरडी पडली की आकसते आणि ओली झाली की फुगते. झाडाची मुळं तिच्यातलं पाणी ओढून घेतात. अशा घरात भेगा ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. ते तपासायला स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा.

या सगळ्याच्या आधी एक फोन करा, अहवाल लिहिणाऱ्या इंजिनिअरला. कागदावर ते जपून लिहितात, कारण एकेका शब्दाची जबाबदारी त्यांच्यावर असते. फोनवर बहुतेक जण मोकळेपणानं बोलतात. 'घर घ्यावं का' असं विचारू नका, त्याचं उत्तर ते देणार नाहीत. विचारा की भेग, उतार आणि ओल यांचं कारण एकच असू शकतं का. भेग जुनी वाटली की चालू. बत्तीसपैकी कुठल्या दोन-तीन गोष्टींसाठी तुम्ही स्वतः व्यवहार थांबवला असता. उत्तरं लगेच लिहून ठेवा आणि नंतर दोन ओळींच्या ईमेलनं त्यांच्याकडून पक्की करून घ्या.

घरमालकांना नम्रपणे सांगा की इतक्यात रंग मारू नका. रंगाखाली ओलीची कड, भेगेची धार आणि लोणा हे सगळे पुरावे जातात. ते मुद्दाम लपवत आहेत असं मी म्हणत नाही. घर विकायचं म्हटल्यावर कुणालाही ते नीटनेटकं दाखवावंसं वाटतं. पण तुमचं त्यात नुकसान आहे. त्याच कारणानं, दुरुस्ती 'आम्ही करून देतो' असं ते म्हणाले तरी मी किमतीत घट मागण्याकडे झुकेन. जाणाऱ्या माणसाला काम लवकर आणि स्वस्तात उरकायचं असतं, तुम्हाला त्या घरात राहायचं असतं. कारण कळलं की दोन वेगवेगळ्या मिस्त्रींकडून लेखी अंदाज घ्या. त्यात लगेच करावी लागणारी कामं आणि वर्षा-दोन वर्षांनी चालतील अशी कामं वेगळी मांडा, आणि पायाच्या किंवा स्लॅबच्या कामात अंदाजापेक्षा जास्त खर्च निघेल हे गृहीत धरा. भिंत उघडल्यावर काय निघेल, हे कुणीच आधी सांगू शकत नाही. दाराच्या बिजागऱ्या, सुटलेली फरशी असल्या गोष्टी बोलण्यात काढूच नका. बत्तीस मुद्द्यांवर घासाघीस करायला बसलात तर समोरचा वैतागेल आणि खऱ्या तीन मुद्द्यांचं वजन कमी होईल.

नवऱ्याचं म्हणणं भित्रेपणाचं आहे असं समजू नका. लाइन गळते आहे, भेग त्यामुळे आली आहे आणि स्लॅब खालून स्वच्छ आहे असं निघालं, तर किंमत कमी करून हे घर घ्यायला माझी हरकत नाही. लाइन दुरुस्त झाल्यावर माती बसायला थोडा काळ जाऊ द्या आणि मगच भेग बुजवा. पण सळया गंजलेल्या निघाल्या आणि दुरुस्तीचा अंदाज तुमच्या आवाक्यापलीकडचा असला, किंवा मालकांनी एक पॅनेल काढायला आणि चेंबरमध्ये पाणी भरायलाच नकार दिला, तर मात्र नवऱ्याचं ऐका आणि दुसरं घर बघा.